तपासायला गेले, तर पिशवी काढतील का?

ताई, मी ४२ वर्षांची आहे, लातूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. घरी शिलाईकाम करते. दोन मुलांवर ऑपरेशन झालं, त्यानंतर स्वतःसाठी दवाखान्यात गेल्याचं आठवत नाही. मागच्या महिन्यात आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेल्या. तिशीच्या पुढच्या बायकांची आरोग्य केंद्रात तपासणी आहे, पिशवीचं तोंड बघतात, तुम्ही या म्हणाल्या. मला त्रास काही नाही, कधीमधी अंगावरून पांढरं जातं तेवढंच. सासूबाई म्हणतात, दुखत नाही, खुपत नाही, तर कशाला कपडे काढून झोपायचं? मालक म्हणाले, असल्या तपासण्या तसल्या बायकांना लागतात. ते वाईट नाहीत, पण त्यांचं बोलणं लागलं. माझ्या जाऊबाईंची पिशवी पस्तिशीतच काढली. सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं होतं. आता त्यांना काम होत नाही, अंगातून वाफा निघतात, हाडं दुखतात. माझ्यात काही निघालं तर माझीही पिशवी काढतील का? आणि मुलगी १३ वर्षांची आहे, तिला लस द्यायची का?

– एक वाचक, लातूर जिल्हा

*

नमस्कार ताई,

पिशवीचा प्रश्न आधी घेते. आशाताईंना हो म्हणायला तुम्हाला खरं तर सासूबाई अडवत नाहीत आणि मालकही अडवत नाहीत. जाऊबाईंचं जे झालं ते तुम्हाला अडवतंय.

तर, नाही. या तपासणीत काही निघालं एवढ्यावरूनच पिशवी काढत नाहीत. पिशवीच्या तोंडावर, म्हणजे गर्भाशयमुखावर, कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधी जे बदल होतात ते शोधण्यासाठी ही तपासणी असते. ते बदल सापडले तर तेवढ्याच जागेवर उपचार करतात. तुम्ही शिलाईकाम करता म्हणून सांगते, एके ठिकाणी शिवण उसवली तर तुम्ही टाका घालता, झंपर फेकून देत नाही.

मग जाऊबाईंची का काढली? त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांबद्दल बोलणार नाही. पण 'सूज आहे', 'तोंडाला जखम आहे', 'फोड आलाय' हे शब्द आपल्याकडे हजारो बायकांना ऐकवले जातात, आणि त्यातल्या बहुतेक वेळा तो कॅन्सरही नसतो आणि कॅन्सरची सुरुवातही नसते. पाळी चालू असलेल्या वयात आतल्या बाजूची नाजूक त्वचा तोंडाच्या बाहेर आलेली दिसणं अगदी नेहमीचं आहे. ती लालभडक दिसते म्हणून तिला जखम म्हणायची सवय पडली. खरी सूज असली तर ती बहुतेकदा जंतुसंसर्गाची असते आणि गोळ्यांनी बरी होते. अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅन्सरच्या आधीचे हे बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत. सोनोग्राफीचा कागद दाखवून कुणी 'कॅन्सर होईल, काढून टाका' म्हणालं, तर 'पॅप किंवा एचपीव्हीची टेस्ट झाली का? तुकड्याची तपासणी झाली का?' असं सरळ विचारायचं. (पॅप म्हणजे तोंडावरच्या पेशींची तपासणी, एचपीव्ही म्हणजे या कॅन्सरच्या मुळाशी असणाऱ्या विषाणूची, आणि तुकडा म्हणजे तिथला छोटासा भाग काढून तपासणं.) आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करायची नाही.

तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात याच एका वाक्याने काय केलं ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या होत्या, काही त्याहून लहान. पांढरं जातंय, पोटात दुखतंय, पाळी जास्त जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या. पाळीत कोयता ठेवला तर मजुरी बुडते, खाडा पडला तर मुकादमाला दंड भरायचा, त्यामुळे 'एकदाची काढून टाका' हे कित्येकींना सुटका वाटलं. त्या बायकांना बोल लावायचं मला काही कारण दिसत नाही. पण ज्या तपासणीने त्यांतल्या कित्येकींची शस्त्रक्रिया टळली असती ती कुणी त्यांना देऊ केली होती का, हा प्रश्न मला अजून सतावतो.

यात आणखी एक बाब आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. तपासणी न करताच पिशवी काढली आणि नंतर तिच्यात खरंच कॅन्सर सापडला, तर उपचार अवघड होतात. कारण कॅन्सरची शस्त्रक्रिया वेगळी असते, जास्त मोठी असते, आणि काही जणींना शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार लागतात. म्हणजे कॅन्सरच्या भीतीने काढायची असं कुणी ठरवलं, तरी तपासणी आधीच व्हायला हवी.

जाऊबाईंना सांगा, जुने कागद शोधा. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, तिचा रिपोर्ट काय आला, तोंडासकट काढली की वरचा भाग तेवढा, आणि बीजांडकोष ठेवले की तेही काढले, एवढं त्यात बघायचं. तोंड आत राहिलं असेल तर तपासणी त्यांनाही लागते. बीजांडकोष गेले असतील तर अंगातून निघणाऱ्या वाफा आणि हाडांचं दुखणं त्याच्याशी जोडलेलं असू शकतं, त्यावर उपचार आहेत. 'आता व्हायचं ते होऊन गेलं' म्हणून अंगावर काढायचं नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. दुखत नाही तर कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण आपल्या घरांत बाई दवाखान्यात जाते ती असह्य झाल्यावरच. पण या आजाराची गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) अशी की, ज्या काळात तो अगदी सहज बरा होतो त्या काळात तो काही म्हणजे काही जाणवू देत नाही. याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून येतो, आणि बहुतेकींच्या शरीरातून एकदोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. तिथून पेशी हळूहळू बदलत जाऊन कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा काळ बराच आखडतो. इतकी वर्षं हातात असताना भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या आसपास दगावल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोघींनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केली होती. म्हणजे तुमच्या गल्लीत तुम्ही गेलात तर बहुधा पहिल्याच ठराल.

आणि हे सगळं कुठल्या परदेशी पुस्तकातलं ज्ञान नाही. तुमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. खेड्यापाड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायका. गावांचे चार गट केले आणि वेगवेगळ्या तपासण्या करून आठ वर्षं पाहिलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी झाली, आयुष्यात फक्त एकदा, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जागतिक आरोग्य संघटना जगभरच्या देशांना 'एचपीव्हीची तपासणी पहिली' असं सांगते, त्यामागच्या पुराव्यात तुमच्या शेजारच्या गावांतल्या बायकांचा वाटा मोठा आहे. (चौथ्या गटाला नुसती माहिती दिली, तपासणी नाही, यावरून पुढे टीकाही झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती.)

मुंबईत टाटा हॉस्पिटलने दुसरा अभ्यास केला, झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर. तिथे तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं, आणि तपासणीला लागत होतं ते व्हिनेगरसारखं द्रावण, कापूस आणि चांगला उजेड. दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी केली. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या आरोग्य केंद्रात बहुधा हीच तपासणी होईल, तिला व्हीआयए म्हणतात. 'नर्सबाईच बघणार, डॉक्टर कुठे आहे?' असं कुणी नाक मुरडलं तर हा अभ्यास सांगा. पण एक मेख आहे. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यामुळे एकदा गेलो, फोटो काढला, शिबिर संपलं, असं करून चालत नाही. सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी बोलावतात, ती तारीख चुकवू नका. पुढेमागे लातूरला किंवा बार्शीला जाणं झालं आणि परवडत असेल, तर एचपीव्हीची टेस्ट करून घ्या. ती निगेटिव्ह आली तर पुढची पाच वर्षं तरी निर्धास्त राहता येतं.

टेबलावर काय होतं ते सांगते, कारण माहीत नसलं की जास्त भीती वाटते. साडी किंवा गाऊन सोडायची गरज नसते, निकर काढायची आणि वर सरकवून पाठीवर झोपायचं, पाय गुडघ्यात दुमडून. अंगावर चादर घेता येते, नसली तर मागा. पडदा लावलेला हवा, आणि तपासणारी बाईच हवी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पुरुष डॉक्टर असतील तर शेजारी नर्स असलीच पाहिजे. मग स्पेक्युलम नावाचं साधन आत घालून योनीमार्ग थोडा उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. दाब जाणवतो. दुखलं तर 'थांबा' म्हणा, त्या थांबतात. श्वास रोखून अंग ताठ केलं की जास्त टोचतं, म्हणून तोंडाने सावकाश श्वास सोडायचा. व्हीआयए असेल तर कापसाने ते द्रावण लावून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तेवढा भाग पांढरट दिसतो. किंचित चुरचुरतं. पॅप किंवा एचपीव्ही असेल तर लहानशा ब्रशने नमुना घेऊन बाटलीत घालतात. सगळं मिळून पाचएक मिनिटं. नंतर एखाद दिवस थोडा डाग लागू शकतो.

पाळीच्या दिवसांत जाऊ नका, पाळी संपून चारपाच दिवसांनी जा. आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम नको, आणि आतून साबणाने धुणं तर कधीच नको.

समजा, पांढरा डाग दिसला. तरी तो कॅन्सर नव्हे. साध्या संसर्गानेही पांढरं उमटतं, आणि व्हीआयएमध्ये असे खोटे इशारे बरेच येतात. मग कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून मोठं करून बघतात, आणि शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात. सौम्य बदल असतील तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात, ते आपोआप जातात. जास्त असतील तर तो भाग गोठवून, भाजून किंवा तारेने कापून काढतात. भूल लागलीच तर तेवढ्या जागेपुरती, घरी त्याच दिवशी. काही आठवडे पाण्यासारखं जातं आणि महिनाभर संबंध टाळायला सांगतात. पिशवी जागेवर, पाळी जागेवर. फार थोड्या जणींमध्ये प्रत्यक्ष कॅन्सर निघतो. त्याचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतात, आणि सुरुवातीचा असेल तर बरं होण्याची आशा चांगली असते. आपल्याकडे खरा घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. 'पुढच्या तपासणीला सिव्हिलला जा' असं लिहिलेला कागद बाई घरी नेते, डब्याखाली ठेवते आणि जात नाही. तुम्हाला असा कागद मिळाला तर त्याच आठवड्यात निघा, आशाताईंना सोबत न्या.

मालकांचं बोलणं. तुम्ही लिहिता ते वाईट नाहीत, मी तसंच धरून चालते. त्यांना एवढंच सांगा की ही तपासणी सरकार तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला सांगतं, लग्न करून एकाच माणसासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही सांगतं. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाई असो की पुरुष, हा विषाणू कधी ना कधी भेटून जातो. पुरुषाला सहसा कळतही नाही. तो कित्येक वर्षं गप्प राहून मग तपासणीत दिसू शकतो, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर 'कुणाकडून आला, कधी आला' हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. त्या रिपोर्टवरून बाईच्याच काय, नवऱ्याच्याही वागण्याचा निवाडा करता येत नाही. हे त्यांना तुम्ही सांगितलेलं रुचणार नसेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायला सांगा. पुरुषाने सांगितलं की पटतं, हे मला आवडत नाही, पण तुमची तपासणी त्यासाठी अडून राहायला नको. आणि त्यांची परवानगी लागत नाही, हेही लिहून ठेवते. सही तुमची.

तुमचं पांढरं जाणं: पाळीच्या मध्यावर पातळ, वास नसलेलं जात असेल तर ते निसर्गाचंच आहे. खाज, घाण वास, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं असेल तर औषध लागतं, कधीकधी नवऱ्यालाही. तपासणीला जाल तेव्हा आधी सांगा. पण संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा डाग लागणं, यांपैकी काहीही झालं तर शिबिराची वाट बघायची नाही, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, मागची तपासणी चांगली आलेली असली तरी.

मुलीला लस द्या. १३ हे वय अगदी योग्य आहे, कारण विषाणू भेटायच्या आधी घेतली की ती सगळ्यात चांगलं काम करते. ९ ते १४ वयात विकत घेतली तर सहसा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात, पंधराव्या वर्षानंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, ती आधीच्या परदेशी लशींपेक्षा स्वस्त आहे. विकत घेण्याआधी सरकारी केंद्रात मिळते का ते आशाताईंना विचारा. पाळीवर किंवा पुढे मूल होण्यावर तिचा परिणाम होत नाही. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी तिलाही लागेलच, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही.

जाताना सासूबाईंना सोबत न्या. 'माझं सगळं बंद झालंय' म्हणतील. वय ६५ च्या आत असेल तर त्यांनाही तपासणी आहे, फक्त पाळी गेल्यावर तो भाग आत सरकतो आणि व्हिनेगरच्या तपासणीत नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पॅप किंवा एचपीव्ही मागा. त्याच दिवशी स्तन आणि तोंडही तपासतात, रक्तदाब आणि साखरही बघतात. तुमच्याकडच्या बहुतेक सासवांसारखी त्यांना मिश्री लावायची सवय असेल, तर तोंडाची तपासणी मुळीच चुकवू देऊ नका. त्यांना मिश्रीवरून बोलत बसू नका, तसं केलं तर येणारच नाहीत. गुडघ्यांचं दाखवायचंय म्हणा आणि खरोखर गुडघेही दाखवा.